जाऊन येतो हं!

आपलं मूल पहिलं वाक्य बोलतं तो क्षण आईनं स्वतःच्या कानांनी टिपायचा असतो. मला मात्र तो एका वहीत वाचायला मिळाला!

आम्ही राहतो टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा विभागातल्या निशी-कासाईत. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी भारतीय मंडळी जपानला येऊ लागली. तोझाई या रेल्वेमार्गानं इथून शहरातल्या कचेऱ्यांत झटकन पोचता येतं, म्हणून त्यांतली बरीचशी इथंच स्थिरावली. त्यामुळे तूरडाळ आणि हिंग मिळण्याची पंचाईत नाही. आमची पंचाईत निराळीच होती.

आम्ही दोघंही नोकरी करणारे. थोरला अकरा महिन्यांचा असतानाच 'होइकुएन'मध्ये जाऊ लागला. होइकुएन म्हणजे नोकरदार आईबापांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि बालवाडी एकत्रच. तिथली शिस्त काय वर्णावी! सदऱ्यावर नाव, मोज्यावर नाव, इतकंच काय, प्रत्येक डायपरवर नाव! ताप ३७.५ अंशांवर गेला की ऑफिसात फोन आलाच म्हणून समजा. आणि रोज एक वही भरायची. काल रात्री काय जेवला, किती वाजता झोपला, शी झाली का, सकाळी अंगात ताप किती. संध्याकाळी त्याच वहीत बाईंचं उत्तर यायचं. मला चिनी अक्षरं वाचता येत नाहीत हे ओळखून त्या सगळं सोप्या हिरागाना लिपीत लिहीत. मी रोज आपली 'वरण, भात, तूप' लिहायची. महिन्याभरानं बाईंनी हळूच विचारलं, "तूप म्हणजे काय हो?"

एका संध्याकाळी त्या वहीत होतं, 'आज अंगणातून विमान दिसलं. तो म्हणाला, विमान गेलं, परत ये!' मी स्टेशनवरच उभ्या उभ्या ते तीनदा वाचलं. आनंदानं डोळे भरून आले. घरी पोचेपर्यंत मात्र दुसरीच गोष्ट लक्षात आली. माझ्या लेकाचं पहिलं वाक्य जपानीत होतं.

पुढं तेच वाढत गेलं. मी मराठीत विचारायची, तो जपानीत उत्तर द्यायचा. त्याला सगळं समजायचं, पण मराठी शब्द म्हणून ओठांवर येत नसे. दर रविवारी पुण्याला फोन लागला, की पलीकडून आजी "बाळा, जेवलास का?" विचारायची आणि हा पडद्यासमोरून पळ काढायचा. दिवसाचे नऊ-दहा तास दुसऱ्यांच्या हाती दिलेलं मूल त्यांच्याच भाषेत बोलणार, यात त्याचा काय दोष? पण नोकरी करणाऱ्या आईला दोष शोधायला फार लांब जावं लागत नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. नातू तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच महिन्यात आमच्या विभागाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक निवडून आले. सासूबाईंना कोण अभिमान! पण जेवता जेवता त्या म्हणाल्या, "आपला मराठी माणूस इथं नगरसेवक होतो, आणि आपल्या नातवाला 'आजी, पाणी दे' म्हणता येऊ नये?" घास माझ्या घशातच अडकला.

सासूबाई तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होत्या. त्यांनी उपदेश केला नाही की मला बोल लावला नाही. चौथ्या दिवशी त्यांची नजर भिंतीवरच्या हिरागानाच्या तक्त्यावर गेली. "हे वाच बघू," त्या नातवाला म्हणाल्या. तो बोट ठेवून वाचू लागला, "अ, इ, उ, ए, ओ. क, कि, कु, के, को..." सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अगं, ही तर बाराखडी!"

आणि ते खरंच आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमाला चीनमार्गे जपानला पोचली आणि तिच्याच क्रमावरून जपानी अक्षरांचा क्रम लागला. आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. इतकी वर्षं तो तक्ता माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मला कधी दिसला नव्हता! त्या दिवसापासून दोघांची शाळा भरू लागली. एक ओळ तो आजीला शिकवायचा, एक ओळ आजी त्याला. चुकणाऱ्यानं कान धरायचे. आजी मुद्दाम चुकते हे त्याला कळत नव्हतं.

एका सकाळी दारात बूट घालता घालता तो म्हणाला, "आजी, जातो." त्याचे ते पहिलेच मराठी निरोपाचे शब्द; मी हरखून गेले. पण सासूबाई गरजल्या, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं!" तो गोंधळला आणि रोजच्या सवयीनं म्हणाला, "इत्तेकिमास." मी अर्थ सांगितला: 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येतो. घरातल्यांनी त्यावर "इत्तेराश्शाई", म्हणजे 'जाऊन ये', म्हणायचं असतं. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इथल्या आयाही आपल्यासारख्याच की गं."

जूनमधल्या एका संध्याकाळी मी भाजी परतत होते, तोच भांडी किणकिणू लागली. भूकंप! आम्हाला त्याची सवय; सासूबाई मात्र देवापुढं थिजून उभ्या राहिल्या. मी गॅस बंद करते न करते तोच थोरला धावला, त्यानं त्यांचा पदर ओढून त्यांना टेबलाखाली नेलं आणि ओरडला, "आजी, किडा हो! गोल किडा हो!" होइकुएनमध्ये दर महिन्याला सराव असतो. हात लागताच अंगाची गोळी करून बसणारा एक किडा असतो, तसं डोकं झाकून बसायला मुलांना शिकवतात. ते शिकवणं जपानीत, पण आजीला वाचवायचं होतं मराठीत! धक्का थांबला तेव्हा टेबलाखाली दोघंही पोट धरून हसत होती. मी मात्र ओट्याला टेकून रडत होते.

जुलैत निघताना सासूबाई म्हणाल्या, "येते हं राजा." तो म्हणाला, "जाऊन ये."

ते 'जाऊन ये' फार लांबलं. २०२० मध्ये करोनामुळे जपाननं आपली दारं लावून घेतली. पाहुण्यांना पूर्वीसारखं येता यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात धाकटी जन्मली. आजीनं ना बाळंतपण केलं, ना बाळाला न्हाऊ घातलं. राहिला तो रविवारचा फोन आणि त्यावर भरणारी बाराखडीची शाळा. थोरला आता पडद्यासमोरून पळत नव्हता.

२०२३ च्या एप्रिलात सासूबाई पुन्हा आल्या. दारात उभ्या राहून, वाटेत घोकलेला शब्द त्यांनी ठणठणीत म्हटला, "तादाइमा!" म्हणजे 'आले बरं का घरी'. आठ वर्षांचा थोरला मराठीत म्हणाला, "केवढा उशीर केलास आजी!"

त्याच्या मागून तीन वर्षांची धाकटी डोकावली आणि जपानीत विचारती झाली, "ही कोण?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. थोरल्यानं मात्र बहिणीला भिंतीवरच्या तक्त्यापुढं उभं केलं. "थांब आजी, तू दमून आलीयस. हिला मी शिकवतो."