स्प्रिंगमध्ये लपलेला समुद्र

गिटारच्या ॲम्प्लिफायरला हलकीच लाथ मारली तर काय होईल? घरचे ओरडतील, ते सोडा. पण त्या ॲम्प्लिफायरच्या तळाशी ‘स्प्रिंग रिव्हर्ब’ नावाचं पत्र्याचं चपटं खोकं असेल, तर स्पीकरमधून असा काही कडकडाट उठेल की मांजर पलंगाखाली पळेल. ढ्ढ्रांग… झ्झ्यांग… आणि मग बराच वेळ गुरगुर. त्या खोक्यात ना ढग असतात, ना वीज. दोन-तीन बारीक स्प्रिंगा असतात, बस्स!

याच स्प्रिंगांमधून एकेकाळी एक अख्खा समुद्र बाहेर पडला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६१ च्या सुमारास तरुण पोरं दिवसभर फळीवर उभी राहून लाटांवरून घसरायची आणि रात्री गिटारच्या तालावर नाचायची. त्या संगीताला नाव पडलं सर्फ म्युझिक. यात बऱ्याचदा गाणारं कुणी नसतंच. गाणं म्हणायचं काम गिटारच करते.

या संगीताचा राजा म्हणवला जाणारा माणूस होता डिक डेल. खरं नाव रिचर्ड मन्सूर, जन्म १९३७, बोस्टन शहरातला. वडील लेबनॉनच्या अरबी घराण्यातले, काका ऊद वाजवायचे. ऊद म्हणजे अरबांचं पोटाळ तंतुवाद्य. काकांकडूनच तो लहानपणी तरबकी नावाचा हातढोल शिकला आणि त्या ढोलाचा वेग त्याच्या हातात कायमचा राहिला. गडी डावखुरा. उजव्या हाताची गिटार त्यानं सरळ उलटी धरली आणि तारा बदलल्याच नाहीत! म्हणजे आपल्याकडे जी जाड तार वर असते, ती त्याच्याकडे खाली. गिटारच्या कुठल्याही मास्तरांनी त्याला पहिल्याच दिवशी दटावलं असतं.

एकदा एका लहान मुलानं त्याला विचारलं, “तुला एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवता येईल का?” डेल ही गोष्ट रंगवून सांगायचा. त्या रात्री त्याला काकांची एक जुनी धून आठवली, ‘मिसिरलू’. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे ग्रीक, तुर्की, अरब सगळेच ती आपली म्हणून वाजवत आले आहेत. मूळ चाल संथ. डेलनं ती इतक्या भरधाव सोडली की उजव्या-डाव्याची गणितं विसरून लोक बघतच राहिले. सेकंदाला दहाहून जास्त आघात, तेही मुख्यतः एकाच तारेवर. १९६२ साली त्याची तबकडी निघाली.

आता जे गाण्याच्या क्लासला जातात त्यांनी कान टवकारा. ‘मिसिरलू’ ज्या सुरांवर उभी आहे ते असे: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी. ओळखलंत? आपल्या भैरव थाटाचेच सूर! भैरव राग म्हणजे पहाटेची शांत वेळ, डोळे मिटून लावलेला ‘रे’. तेच सूर कॅलिफोर्नियात जाऊन लाटांवर उड्या मारत होते. राग सुरांच्या यादीवर ठरत नाही, ते कसे लावता, कुठे थांबता यावर ठरतो, म्हणून ‘मिसिरलू’ला भैरव म्हणायची घाई मात्र करू नका. तुमच्या गाण्याच्या बाई रागावतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

डेल नुसता वेगानं नाही, जोरानंही वाजवायचा. नेहमीच्या गिटारची सर्वांत बारीक तार साधारण ०.०१० इंच जाडीची असते. त्याची होती ०.०१६ इंच. हा फरक चिमूटभर वाटेल, पण तारेचं वजन जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतं. १.६ गुणिले १.६ करून बघा. अडीचपट जड तार! तोच सूर हवा तर ती अडीचपट ताणावीही लागते. असल्या तारांवर बोटं चालवायची तर बोटांना घट्टे पडणारच.

एवढा मार खाऊन ॲम्प्लिफायर जळू लागले. एक जळाला, दुसरा जळाला. डेल पुढे जळालेल्यांचा आकडा पन्नासच्या आसपास सांगायचा. गोष्ट सांगताना माणूस थोडा मीठमसाला घालतोच. हे ॲम्प्लिफायर बनवून देणारे होते लिओ फेंडर. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गिटारींपैकी काही त्यांच्या कारखान्यातून निघाल्या, पण स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. खरंच! कारखान्यात तर ॲम्प्लिफायर छान चालतो, मग डेलकडे गेला की का जळतो, हे त्यांना कळेना. शेवटी ते स्वतः कॅलिफोर्नियातल्या बल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये, म्हणजे डेल वाजवायचा त्या नाचाच्या हॉलमध्ये, जाऊन गर्दीत उभे राहिले आणि उलगडा झाला. हजारो माणसं! माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषून घेतात. रिकाम्या हॉलमध्ये दणदणणारा आवाज भरलेल्या हॉलमध्ये मऊ पडतो. म्हणून डेल बटण पिळत राहायचा आणि बिचारा स्पीकर जिवानिशी जायचा. मग फेंडरनी जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर आणि पंधरा इंची दणकट स्पीकर असलेली नवी जोडणी उभी केली.

आता वळूया त्या स्प्रिंगेकडे. पण आधी एक प्रश्न. इलेक्ट्रिक गिटारच्या आत बहुतेकदा पोकळी नसते, भरीव लाकूड असतं. मग आवाज येतो कुठून? तारांच्या खाली छोटी लोहचुंबकं बसवलेली असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. हा नियम मायकेल फॅरेडेनं १८३१ सालीच शोधून ठेवला होता. म्हणूनच या गिटारवर नायलॉनची तार लावून उपयोग नाही. नायलॉनशी चुंबकाला काही देणंघेणं नसतं.

ही इवलीशी वीज स्प्रिंगेच्या खोक्यात जाते. तिथे स्प्रिंगेच्या टोकाला एक चिमुकलं चुंबक चिकटवलेलं असतं. वीज आली की ते थरथरतं, स्प्रिंगेला पीळ बसतो, आणि तो पीळ लाट होऊन पलीकडच्या टोकाकडे धावतो. तिथे दुसरं चुंबक त्याची पुन्हा वीज करतं. लाट पोचायला सेकंदाच्या शंभर भागांपैकी तीन-चार भाग लागतात. पण ती तिथे संपत नाही. थोडी परत फिरते, अलीकडच्या टोकावर आपटते, पुन्हा जाते, पुन्हा येते, दर खेपेला जरा थकून. त्यामुळे तुम्ही सूर एकदा छेडलात तरी कानावर येतो सुरांचा घोळका. त्यालाच आपण घुमारा म्हणतो.

खरा चमत्कार पुढे आहे. स्प्रिंगेत सगळे सूर सारख्या वेगानं धावत नाहीत. शाळेची सहल गड चढायला एकत्र निघते आणि वर पोचेपर्यंत पांगते, तसं सुरांचं होतं: काही पुढे, काही मागे. त्यामुळे टण्‌ असा कोरडा आघात पलीकडे पोचतो तेव्हा ट्याँव्‌ असा ताणलेला असतो. एखादी तार हाताच्या कडेनं जरा दाबून, सूर तोकडा करून छेडली तर या खोक्यातून टप्‌… डुबुक्‌ असा चक्क पाण्याचा आवाज येतो! सर्फ वाजवणारे याला ‘ओला’ आवाज म्हणतात. मला विचाराल तर या सगळ्या संगीतातला हा सर्वांत लाडका आवाज आहे.

ही युक्ती मुळात गिटारसाठी निघालेलीच नव्हती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या लोकांना लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर आवाज किती उशिरा पोचतो याची नक्कल करायची होती, म्हणून त्यांनी स्प्रिंगा वापरल्या. ती कल्पना लॉरेन्स हॅमंड यांनी उचलली आणि आपल्या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनला चर्चसारखा घुमारा दिला. तिथून ती फेंडरकडे आली आणि १९६१ मध्ये वेगळं रिव्हर्बचं खोकं बाजारात आलं. टेलिफोन, चर्च, समुद्र… काय प्रवास आहे बघा!

घरी करून बघायचंय? धातूची स्लिंकी घ्या, तीच ती जिन्यावरून आपली आपण उतरणारी स्प्रिंग. प्लॅस्टिकची सप्तरंगी नको, ती बद्द वाजते. वरच्या टोकात कागदी पेला घट्ट अडकवा, पेला हातात धरून खुर्चीवर चढा आणि स्प्रिंग खाली लोंबू द्या. आता मित्राला सांगा, खालचं टोक चमच्यानं हळूच ठोक. पेल्यातून च्यूँ! च्यूँ! असा आकाशयुद्धाच्या सिनेमातला आवाज येईल. ॲम्प्लिफायर मात्र चुकूनही उघडू नका. काचेचे व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या यंत्रात प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहते.

स्प्रिंग नसेल तर? ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये ड्युएन एडी नावाच्या तरुणाची गिटार ध्वनिमुद्रित होत होती, १९५८ च्या सुमारास. स्टुडिओत घुमारा देणारी खोली नव्हती. मग त्यांनी पाण्याची एक भलीमोठी रिकामी लोखंडी टाकी आणली, आत एका टोकाला स्पीकर ठेवला, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. झाली खोली! तुमच्या सोसायटीच्या टाकीत शिरू नका बरं. रिकाम्या पिंपावर तोंड धरून “ओ” म्हणा, तेवढ्यानं कल्पना येईल.

याच सुमारास गिटार हेरगिरीलाही लागली. १९६२ च्या ‘डॉ. नो’ या सिनेमात जेम्स बाँड पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आला आणि त्याच्या मागून व्हिक फ्लिक या इंग्रज वादकाची गिटार वाजली. चाल माँटी नॉर्मन यांची, वाद्यमेळ जॉन बॅरी यांचा. फ्लिकनं आघात केला तो तारा जिथे संपतात त्या घोडीच्या जवळ. कुठल्याही गिटारवर करून बघा: मध्यावर छेडलं की गोल, मऊ सूर, घोडीजवळ छेडलं की धारदार, कारण तिथे बारीक उपस्वरांना जास्त जोर मिळतो.

हेराची चाल ओळखायची खूण सांगू? पेटीवर सा धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध असं सावकाश वाजवत राहा. एकमेकांना खेटून असलेले सूर, पुढे जातात आणि निश्चय न झाल्यासारखे मागे येतात. लगेच वाटतं, पडद्यामागे कोणीतरी आहे. यातला निम्मा परिणाम सुरांचा आणि निम्मा सिनेमांनी लावलेल्या सवयीचा, असं आपलं माझं मत.

ही हवा मुंबईच्या सिनेमांतही आली. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये मुखवटे घातलेले नर्तक बेभान नाचतात, ते ‘जान पहचान हो’ आजोबांना विचारा. गाणं रफींचं, संगीत शंकर-जयकिशन यांचं. त्यातली गिटार ऐकलीत की कॅलिफोर्नियाच्या लाटा आठवतील. या जोडीच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. स्वरलिपी वाचून वाजवणारे कितीतरी गोव्याचे वादक तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंमध्ये होते.

आता तुमची पाळी. महागडी गिटार नको. ‘व्हेंचर्स’ या गाजलेल्या बँडचे डॉन विल्सन आणि बॉब बोगल बांधकामावर काम करायचे आणि स्वस्तातल्या गिटारी घेऊन शिकले. १९६० मध्ये त्यांची धून अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. ‘पाइपलाइन’ ही सर्फ धून वाजवणारे ‘शँटेज’ तर हायस्कूलची पोरं होती.

सगळ्यांत मोठी सोय म्हणजे इथे सुरुवातीला कॉर्ड लागत नाहीत. तीन बोटं तीन तारांवर दाबून रडकुंडीला येण्याची गरज नाही. सर्वांत जाड तार घ्या. मोकळी वाजली की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. बाराव्या पडद्यावर दाबलीत की लांबी निम्मी, थरथर दुप्पट. आता त्याच तारेवर हे पडदे क्रमानं दाबा: मोकळी, १, ४, ५, ७, ८, ११, १२. झाले ‘मिसिरलू’चे सूर! हेराची खूण हवी तर जाड तार मोकळी वाजत ठेवा आणि शेजारच्या तारेवर पडदे २, ३, ४, ३.

पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, खाली, वर, खाली, वर, अगदी मुंगीच्या वेगानं. सगळे आघात सारखे येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. घाई करणाऱ्याचा वरचा आघात नेहमी लंगडा राहतो. पिक धरलेल्या हाताची कड घोडीजवळ तारांवर अलगद टेकवा, सूर तोकडा होऊन टक्‌टक्‌ वाजेल. डुबुक्‌ आवाजाला हाच लागतो. घुमाऱ्यासाठी मोबाइलवर रिव्हर्बची ॲप मिळतात, नाहीतर न्हाणीघर आहेच: गुळगुळीत फरशा आवाज शोषत नाहीत, परतवतात. गिटार ओली होऊ देऊ नका आणि आतून कडी लावून तासभर बसू नका, बाहेर रांग लागते.