इफ्तारनंतरचा पास्ता

रमजानची संध्याकाळ म्हटली की पुणेकरांना मोमीनपुऱ्यातील कबाबांचा धूर आणि कोंढव्यात कौसरबागेतील गर्दी आठवते. नोकरी करणाऱ्या तरुण रोजेदारांना मात्र याच दिवसांत कधी वेगळेच आमंत्रण येते. "शुक्रवारी सगळे मिळून जेवायला जाऊ. कोरेगाव पार्कात छोटंसं, छान इटालियन हॉटेल आहे. येशील ना?" बऱ्याचदा उत्तर 'बघतो' एवढेच येते आणि विषय तिथेच संपतो. सहकाऱ्यांना वाटते, याला आपल्यात मिसळायचे नाही. रोजेदाराला वाटते, आपण चौकशा करत बसलो तर सगळ्यांचा विरस होईल.

चौकशा कराव्या लागतात, हे खरे. पहिली वेळेची. मार्चमध्ये पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि अशा ठिकाणी रात्रीचे जेवण साधारण सात-साडेसातला सुरू होते. तेव्हा खजूर आणि पाण्याने रोजा सोडून, मगरिबची नमाज अदा करून निघालेले बरे. इटालियन जेवण सावकाश चालते. तरावीह गाठायची असेल तर तेही आधीच सांगून ठेवावे.

दुसरी चौकशी ताटाची. कार्बोनारा पास्त्याच्या मूळ कृतीत डुकराचे खारवलेले मांस असते. रिसोत्तोचा तांदूळ परतला की त्यात बहुधा पांढरी वाईन ओततात. ती शिजताना आटते असे आचारी सांगतो, पण सगळी आटत नाही आणि श्रद्धेचा प्रश्न थेंबांच्या हिशेबाने सुटत नाही. तिरामिसूत अनेकदा रम किंवा मर्साला वाईन असते, पन्ना कोत्तात जिलेटिन. चिकन हलाल आहे का, हेही विचारावे लागते. शिवाय ज्या टेबलावर दारूचे पेले आहेत तिथे न बसण्याचा नियम अनेक मुस्लिम पाळतात. मित्रांना हे आधी कळले तर एका रात्रीपुरते लिंबाच्या सरबतावर भागते.

मात्र त्याच टेबलावर चौकशी करणारा रोजेदार एकटा नसतो. शेजारी बसलेल्या शाकाहारी मैत्रिणीचाही प्रश्न असतो. पास्त्यावर किसून घातलेले अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच विरजले जाते. तिथला नियमच तसा आहे. रेनेटबाबत उलेमांमध्येही एकमत नाही. जिलेटिन तर दोघांनाही अडते. पलीकडचा जैन सहकारी कांदा-लसूण नसलेला सॉस मागतो. तिघांचे धर्म वेगळे, पण वेटरला विचारायचे एकच असते, 'यात नक्की काय काय आहे?' हिरव्या ठिपक्याचे चीज वापरलेला मार्गेरिटा पिझ्झा आला की तिघांचेही हात एकाच ताटाकडे जातात.

या जेवणाशी मुस्लिमांचे नाते तसे जुने आहे. इ.स. 827 मध्ये अरब सिसिलीत उतरले. पुढे नॉर्मन आले, तरी अरब विद्वान दरबारात राहिले. राजा दुसरा रॉजर याच्यासाठी भूगोलकार अल-इद्रिसी याने 1154 मध्ये ग्रंथ पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात 'इत्रिया' नावाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि जहाजांनी मुस्लिम व ख्रिस्ती, दोन्ही मुलखांत जातात, अशी नोंद त्याने केली आहे. सिसिलीतल्या त्रापानीत आजही माशाच्या रश्श्याबरोबर कुसकुस खातात. मर्साला गावाच्या नावातला 'मर्सा' हा अरबी शब्द आहे, अर्थ, बंदर.

म्हणून 'बघतो' म्हणण्याऐवजी रोजेदाराने आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगाव्यात आणि बोलावणाऱ्याने आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने रिकामी राहणारी एक खुर्ची भरते.