थर्मोकोलचा गाभा, काचेची त्वचा

प्रतिकृती हेलिकॉप्टरचे बाह्यशरीर हा यंत्रावर चढविलेला अंगरखा होय. उड्डाणाचा भार आतील सांगाडा पेलतो; अंगरख्याने हलके राहावे, एवढीच त्याची अपेक्षा.

आपल्या कवटीचे हाड आठवावे: दोन कठीण पत्रे आणि मध्ये सच्छिद्र डिप्लोई. थर्मोकोलच्या गाभ्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सी रेझिनने बसविले की हाच न्याय लागू होतो. ताण त्वचा सोसते, गाभा तिला जागेवर धरून ठेवतो.

गाभा तापलेल्या तारेने, मोकळ्या हवेत कापावा. दर चौरस मीटरला सुमारे ५० ग्रॅम वजनाचे कापड पुरते. ते भिजून पारदर्शक झाले की थांबावे. वर साचलेले रेझिन बळ देत नाही, वजन तेवढे वाढविते. स्वस्त पडते म्हणून पॉलिएस्टर रेझिन आणू नये. त्यातील स्टायरीन थर्मोकोलच विरघळविते.

बालरोगतज्ज्ञाची चिंता मात्र निराळी आहे. अशा कामात घरातील मुले हौसेने हात घालतात. न गोठलेले इपॉक्सी त्वचेला वारंवार लागल्यास ॲलर्जी जडते, आणि ती बहुधा आयुष्यभर पाठ सोडत नाही. म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेत. हाताला लागलेले रेझिन ॲसिटोनने न पुसता साबण-पाण्याने धुवावे. घासकामाच्या वेळी मास्क लावावा, मुलांना खोलीबाहेर ठेवावे. त्यांना कागदी आराखडे कातरू द्यावेत. रेझिनची वाटी मोठ्यांनीच सांभाळावी. खोल भांड्यात उरलेले मिश्रण आपोआप तापून धुमसू लागते.