आधी ट्रेनर, मग स्पिटफायर

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान घ्यायचं ठरलं की नजर पहिल्यांदा जाते ती स्पिटफायर नाहीतर मस्टँगसारख्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीवर. ‘उडवायचंच आहे, तर देखणं का नको?’ हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर पंखांत आहे.

ट्रेनरचे, म्हणजे शिकण्यासाठीच्या विमानाचे, पंख धडाच्या वर बसवलेले असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले. समोरून पाहिलं तर पसरट ‘व्ही’ दिसतो. या उठावाला डायहेड्रल म्हणतात. एक पंख झुकला की विमान त्या बाजूला घसरू लागतं. घसरताना झुकलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून भिडते, तिथली उचल वाढते आणि विमान पुन्हा सरळ होतं. म्हणजे गोंधळलेल्या नवशिक्यानं स्टिक सोडून दिली, तरी हाताशी उंची असेल तर ट्रेनर स्वतःला सावरतो. लढाऊ विमानाची प्रतिकृती ही मेहेरबानी फारशी करत नाही. तिचं वजन पंखांच्या मानानं जास्त, त्यामुळे उतरताना वेग जरा कमी पडला की स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटते, एक पंख गळतो आणि खेळ खलास.

‘आधी छोटंसं, स्वस्तातलं घेऊन बघू’ हा सल्ला तर हमखास मिळतो. पण हलक्या, वीतभर विमानाला दुपारचा वारा हवा तसा फेकतो, आणि थोडं लांब गेलं की तोंड कुठे आणि शेपूट कुठे तेच कळत नाही. पंखांची लांबी 1 ते 1.5 मीटर असेल तर विमान वाऱ्यात ठाम राहतं, दिसतंही नीट.

दिसणं महत्त्वाचं, कारण नवशिक्यांची बरीच विमानं दिशेच्या गोंधळात पडतात. विमान आपल्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. यावर जुना तोडगा आहे: जो पंख खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्याला खालून टेकू देतोय. हे हातात बसायला संगणकावरचा सिम्युलेटर उत्तम. त्याला ‘गेम’ म्हणून नाकं मुरडणारे नंतर मैदानात फोमचे तुकडे वेचतात.

विमान स्थिर ठेवणारा जायरो असला की ते पडतच नाही, हाही एक समज. जायरो झोके आवरतो, नवशिक्याच्या मोडमध्ये तिरकं होण्यावर मर्यादाही घालतो. पण समोर झाड आहे हे त्याला कळत नाही. बॅटरी मागे सरकून तोल शेपटाकडे गेला असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नये. उडवण्याआधी पंखाखालच्या तोलाच्या खुणेवर दोन बोटं टेकवून विमान उचलून पाहावं. खूण बहुतेक ट्रेनरमध्ये पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर येते. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपूट झुकलं तर बॅटरी पुढे सरकवायची.

फोम म्हणजे खेळणं आणि बाल्सा लाकूड म्हणजे खरं विमान, असं जुने लोक अजून म्हणतात. बाल्साचं काम सुंदर असतं यात शंका नाही, पण पहिल्या विमानाचं नाक मोडणारच. ईपीओ फोमचं नाक इपॉक्सीनं संध्याकाळपर्यंत जुळतं. मात्र विमान थर्माकोलचं असेल तर त्यावर साधा फेव्हिक्विक लावू नका, तो थर्माकोलच खातो.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवणं ही आणखी एक महागडी चूक. ती लवकर खराब होते, फुगते. आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावी.

राहिला परवानगीचा मुद्दा. ‘नियम ड्रोनला, आपलं तर विमान’ असं म्हणून चालत नाही. ड्रोन नियम 2021 मध्ये एअरप्लेन हा वर्ग स्पष्ट आहे. 250 ग्रॅमच्या वर ते 2 किलोपर्यंतचं यान ‘मायक्रो’ गटात येतं. छंद म्हणून ते उडवायला रिमोट पायलट लायसन्स लागत नाही, पण सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात आपलं मैदान कोणत्या रंगाच्या विभागात आहे ते पाहावंच लागतं. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, त्यांत रिमोटवरच्या मायक्रोलाइट विमानांचाही उल्लेख असतो. पुण्यात लोहगावचा विमानतळ आहे, तिथेही जागा बघूनच उडवावं लागतं. त्यामुळे विमानाचे पैसे भरण्याआधी मैदान नक्की करावं. ते लहान असेल तर सावकाश उडणारं, 1 मीटरच्या आसपासचं तीन चॅनेलचं (गती, दिशा आणि चढ-उतार एवढंच सांभाळायचं) विमानही शिकायला पुरतं.