चांद्रयान-३: अभिमान हवा, पण नेमका

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर उतरला आणि देशभर पेढे वाटले गेले. तो आनंद खरा होता, रास्तही होता. मात्र त्यानंतर या मोहिमेविषयी जी माहिती फिरत राहिली, तिच्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ झाली आहे. जे घडलंच नाही त्याचं श्रेय मोहिमेला दिलं जातं आणि जे खरोखर मिळवलं त्याचा उल्लेखही होत नाही. म्हणून काही ठळक गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज: विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर, काळोख्या बाजूला उतरला.

वस्तुस्थिती: विक्रम उतरला तो ६९.३७ अंश दक्षिण अक्षांशावर. तिथून ध्रुव सव्वासहाशे किलोमीटर दूर आहे. ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला टेकूनच फिरतो आणि काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. तिथे उतरणं हे वेगळंच आव्हान आहे. तरीही त्या दिवसापर्यंत चंद्राच्या इतक्या दक्षिणेला कोणाचंही यान अलगद उतरलं नव्हतं, हे निर्विवाद. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेचं ओडिसियस ८० अंशांपर्यंत गेलं, पण उतरताना कलंडलं. ‘काळोखी बाजू’ म्हणाल, तर विक्रमची जागा आपल्याला पृथ्वीवरून दिसणाऱ्या बाजूलाच आहे, म्हणून त्याचा पृथ्वीशी थेट संपर्क होऊ शकला. आणि पलीकडच्या बाजूलाही या दिसणाऱ्या बाजूसारखंच पंधरवडाभर ऊन असतं.

गैरसमज: अपोलो चार दिवसांत पोचलं, आपल्याला चाळीस दिवस लागले. म्हणजे आपलं तंत्रज्ञान मागासलेलं.

वस्तुस्थिती: अपोलोला नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं वजन २,९०० टनांच्या घरात होतं, आपल्या एलव्हीएम-३ चं सुमारे ६४० टन. कमी इंधनात चंद्र गाठायचा तर वाट बदलावी लागते. यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतं तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक असतो. नेमकं त्या वेळी इंजिन पेटवलं की तेवढ्याच इंधनात कक्षा जास्त लांब ताणली जाते. टप्प्याटप्प्याने असं करत यान १ ऑगस्टला चंद्राच्या दिशेने निघालं आणि ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं. त्यानंतर कक्षा लहान करत न्यायची होती आणि उतरण्याच्या जागी सूर्योदय झालेला असणंही गरजेचं होतं, कारण लँडर-रोव्हरची सगळी भिस्त सौरऊर्जेवर होती. वेळ लागला तो विचारपूर्वक आखलेल्या मार्गामुळे.

गैरसमज: चांद्रयान-२ पूर्ण फसलं होतं.

वस्तुस्थिती: ७ सप्टेंबर २०१९ रोजी त्याचा लँडर कोसळला, ऑर्बिटर मात्र चंद्राभोवती फिरत राहिला. त्याच्या कॅमेऱ्याला पृष्ठभागावरची जेमतेम फूटभर आकाराची वस्तूही वेगळी दिसते. चांद्रयान-३ साठी सुरक्षित जागा निवडताना हीच छायाचित्रं उपयोगी पडली. कोसळण्याची कारणमीमांसाही वाया गेली नाही. उतरण्यासाठी आधी पाचशे मीटर लांबी-रुंदीचा चौकोन ठरवला होता, तो वाढवून चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केला गेला. लँडरचे पाय अधिक मजबूत झाले, इंधन वाढलं.

गैरसमज: चांद्रयान-३ ने चंद्रावर पाणी शोधलं.

वस्तुस्थिती: ते श्रेय चांद्रयान-१ चं. त्यावर बसवलेल्या नासाच्या उपकरणाने टिपलेल्या पाण्याच्या खुणा २००९ मध्ये जाहीर झाल्या. चांद्रयान-३ ने या शोधात घातलेली भर वेगळ्या प्रकारची आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. विक्रमवर ‘चेस्ट’ नावाचं उपकरण होतं: मातीत खुपसायची एक सळई, तिच्यावर दहा तापमापक. सळई जिथे रुतली तिथे जमिनीला सूर्याच्या बाजूने सहा अंशांचा उतार होता. तिथल्या पृष्ठभागाचं तापमान निघालं ८२ अंश सेल्सिअस. जेमतेम मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी ते ५९ अंशांच्या आसपास होतं. एवढ्याशा उताराने तेवीस अंशांचा फरक पडला! मग उतार सूर्याकडे पाठ करून असेल तर? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचं गणित सांगतं की, या अक्षांशांवर सूर्यापासून दूर झुकलेल्या, चौदा अंशांहून तीव्र उतारांवर पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर बर्फ टिकू शकतो. म्हणजे बर्फ शोधायला थेट ध्रुवावरच गेलं पाहिजे असं नाही. तो बर्फ प्रत्यक्ष सापडलेला नाही. कुठे शोधावा, याचा पत्ता मात्र हाती आला आहे.

गैरसमज: दोन आठवड्यांत सगळं बंद पडलं, मोहीम अर्धवट राहिली.

वस्तुस्थिती: विक्रम आणि त्याचा रोव्हर प्रज्ञान यांची आखणीच एका चांद्रदिवसासाठी, म्हणजे पृथ्वीवरच्या चौदा दिवसांसाठी होती. रात्री तिथलं तापमान उणे दीडशे अंशांच्याही खाली जातं. २२ सप्टेंबरला त्यांना जागवण्याचा प्रयत्न झाला. साधलं असतं तर तो बोनस ठरला असता. दिलेल्या मुदतीत प्रज्ञान सुमारे शंभर मीटर फिरला आणि त्याने मातीची २३ मोजमापं घेतली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी ती ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. आरंभी चंद्र वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता आणि हलकी खनिजं वर तरंगून त्याचं कवच बनलं, या सिद्धांताला त्यातून बळ मिळालं. विक्रम आजही अगदीच निकामी नाही. त्याच्यावर नासाचा पाच सेंटिमीटरचा परावर्तक आहे, त्याला वीज लागत नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या चांद्र-ऑर्बिटरने शंभर किलोमीटरवरून सोडलेला लेसर किरण त्याने परत पाठवला.

चंद्राची माती घेऊन परतणाऱ्या चांद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याच्या बातम्या येतील तेव्हा ‘आपण पहिले का?’ एवढंच विचारून थांबू नये. कोणत्या उपकरणाने, कुठे, काय मोजलं हेही विचारावं. शाळेतल्या मुलांना हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर त्यांच्यातलंच कोणीतरी उद्या ही मोजमापं करेल.