अँटिव्हायरस घेतला, मग काळजी मिटली?

ताईंनो, शिरूर-दौंडच्या गटांत नेहमी विचारतात, "अँटिव्हायरसचे पैसे एकदा दिले, परत वर्षानं का भरायचे?" पुण्याच्या काटकर बंधूंनी १९९० च्या दशकात दुरुस्तीच्या दुकानातून 'क्विक हील' उभं केलं. असा अँटिव्हायरस कॉम्प्युटरमधले व्हायरस ओळखून पकडतो. व्हायरस रोज नवे येतात, म्हणून त्यांची माहिती त्याला सतत मिळावी लागते. मुदत संपली की ती थांबते.

पण ओटीपी आपणच सांगितला, तर कुठलाच अँटिव्हायरस पैसे वाचवत नाही. कुलूप लावून चावी चोराला दिल्यासारखं ते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'केवायसी करा' म्हणून आलेली एपीके फाईल उघडू नका. तरी गटाचे पैसे गेलेच, तर घरचे काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा, बँकेलाही कळवा.