चिन्हमाला-संस्करण

चिन्हमाला-संस्करण : संगणकात साठविलेल्या मजकुराची लांबी मोजणे, त्याचे तुकडे पाडणे, त्यात एखादा शब्द शोधणे किंवा एका शब्दाच्या जागी दुसरा घालणे इ. क्रियांना ही संज्ञा लावतात. ओळीने मांडलेल्या चिन्हांची मालिका म्हणजे चिन्हमाला होय. ‘स्ट्रिंग’ हा इंग्रजी शब्दही तिच्यासाठी रूढ आहे. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६२ साली मुख्यत्वे याच कामासाठी स्नोबॉल ही भाषा तयार करण्यात आली. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट यांसारख्या नंतरच्या भाषांत या क्रिया अंगभूत पद्धतींच्या रूपाने तयारच मिळतात. कार्यक्रमकाराने केवळ पद्धतीचे नाव लिहावयाचे असते. या पद्धती प्रथम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडल्या. त्यामुळे मराठी मजकुरावर त्या जशाच्या तशा चालविल्यास चमत्कारिक व प्रसंगी हानिकारक परिणाम होतात.

याचे कारण देवनागरीच्या सांकेतिक मांडणीत आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीच्या मूळ विभागास १२८ जागा दिलेल्या आहेत. त्यांत स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे, अनुस्वार व हलन्त चिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक आहेत, जोडाक्षरांना नाहीत. रायगड जिल्ह्यातील ‘कर्जत’ हे नाव वाचकाच्या दृष्टीने क, र्ज, त असे तीन अक्षरी आहे. संगणकात ते क, र, हलन्त, ज, त अशा पाच संकेतांकांनी लिहिले जाते आणि यूटीएफ-८ या प्रचलित रूपात १५ बाइट जागा व्यापते. पायथनमधील लांबी मोजणारी पद्धत ५ हे उत्तर देते. पहिली दोन चिन्हे मागितल्यास ‘कर’ हाती येते; संकेतांकांचा क्रम उलटविल्यास ‘तज्रक’ असा शब्द तयार होतो, म्हणजे रफार जाऊन त्या जागी रकार येतो. पायथनच्या मूळ शब्दशोधक नमुन्यात हलन्त चिन्ह शब्दाचा भाग मानले जात नाही. त्यामुळे या नमुन्याने शब्द वेगळे काढू गेल्यास ‘कर्जत’चे ‘कर’ व ‘जत’ असे दोन शब्द होतात, आणि जत हा सांगली जिल्ह्यातील तालुका असल्याने चूक सहज लक्षातही येत नाही. अक्षराच्या सीमा ठरविण्याचे युनिकोडचे स्वतंत्र नियम आहेत. मात्र देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम त्यांत २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला.

शोध व बदल या क्रियांत अडचणी अधिक गंभीर आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते. ‘खालापूर’ या शब्दाचे ‘खालापुरात’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून ‘खालापूर’ शोधणाऱ्या पद्धतीस ‘खालापुरात’ हा उल्लेख सापडत नाही. याउलट ‘कर्ज’ शोधल्यास ‘कर्जत’ही सापडते. ‘कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यांचे कर्ज’ या मजकुरात ‘कर्ज’च्या जागी ‘ऋण’ घालण्याची आज्ञा दिल्यास गावाचे नाव ‘ऋणत’ होते. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड असे झाले. जुन्या मजकुरात हा बदल सरसकट केल्यास अलिबागचा कुलाबा किल्ला व मुंबईतील कुलाबा ही दोन्ही नावे बिघडतील. कर्जत नावाचा तालुका अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातही असल्याने दोन चिन्हमाला तंतोतंत सारख्या ठरल्या, तरी स्थळ एकच असते असे नाही. तेव्हा जिल्ह्याचे नाव सोबत तपासणे अगत्याचे ठरते.

दिसायला एक व आत भिन्न असा प्रकार ‘दऱ्या’ या शब्दात आढळतो. मराठीतील हा ऱ्य ‘दर्या’ (समुद्र) या शब्दातील रफारापासून वेगळा आहे. तो एका स्वतंत्र संकेतांकाने, र व नुक्ता मिळून, अथवा र, हलन्त व एक अदृश्य संयोजक चिन्ह वापरून, असा तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. यांपैकी पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रसामान्यीकरणाने एकरूप होतात, तिसरा होत नाही. कडेच्या मोकळ्या जागा काढणारी पद्धतही हे अदृश्य चिन्ह काढीत नाही. नोंदवहीत असलेले नाव ‘आढळत नाही’ असे उत्तर संगणकाकडून मिळते, त्यामागे पुष्कळदा असले काही तरी असते. नोंद अर्थात तेथेच असते. मात्र विचारणाऱ्यास ती मिळत नाही. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही चिन्हमाला एका रूपात आणणे आवश्यक आहे.

अनुक्रम लावतानाही असेच घडते. मराठी वर्णमालेत ळ हे ह नंतर येते, युनिकोडमध्ये ते ल आणि व यांच्या दरम्यान आहे. त्यामुळे कर्जत तालुक्यातील कळंब व कशेळे या गावांपैकी साधी क्रम लावणारी पद्धत कळंब आधी ठेवते, मराठी कोशात कशेळे आधी येईल. मराठीचा क्रम जाणणाऱ्या तुलनापद्धती उपलब्ध आहेत, पण त्या मुद्दाम मागाव्या लागतात. लहानमोठ्या लिपीत रूपांतर करणाऱ्या पद्धतींचा देवनागरीवर काहीच परिणाम होत नाही, कारण तिच्यात तो भेदच नाही. अंकांच्या बाबतीत भाषाभाषांत फरक आहे : ‘४१०२०१’ हा कर्जतचा पिनकोड देवनागरी अंकांत दिला, तर पायथन त्याची संख्या करून देते, जावास्क्रिप्टची अंगभूत रूपांतरपद्धत मात्र तो संख्या म्हणून स्वीकारीत नाही.